ऐकायचा पत्रा

आमच्या घरमालकांइतका वर बघणारा माणूस सबंध खानदेशात दुसरा झाला नसेल. देवाकडे बघायचं काम ते सकाळी जैनांच्या देरासरात उरकून येत आणि उरलेला दिवसभर छपरांकडे बघत. कुणाच्याही घरात शिरले की आधी मान वर, मग नमस्कार, मग चौकशी, आणि चौकशीसुद्धा यजमानाची कमी, छपराची जास्त. नंदुरबारातल्या निम्म्या लोकांना त्यांचा चेहरा हनुवटीच्या बाजूनेच माहीत असेल. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन बाजारपेठेत पत्र्यांचं दुकान घातलं, वडिलांनी ते वाढवलं आणि आमच्या शेठजींनी त्याचा धर्म करून टाकला. चारा भिजू नये, गुरं भिजू नयेत, कापूस भिजू नये. म्हसावदपासून खांडबाऱ्यापर्यंत जे जे भिजू नये असं कुणाला वाटलं, त्या सगळ्यावर शेठजींचा पत्रा होता. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांचे वडील वारले तेव्हा शेठजी आणि मी भेटायला गेलो होतो. प्राचार्य शेवटच्या आजारपणाबद्दल सांगत होते आणि शेठजी वर बघत, मान हलवत 'अरेरे, अरेरे' म्हणत होते. इतकी खरीखुरी हळहळ बघून प्राचार्यांनी शेठजींचा हात धरला. शेठजी वरची नजर न काढता म्हणाले, "इतला चांगला पत्रा, आनि वायसरच लायेल नही! कोनी कयं हाई?" त्यानंतर प्राचार्यांनी सबंध वर्षभर मला स्टाफरूममध्ये चहा विचारला नाही.

त्यांच्या सदऱ्याच्या एका खिशात वायसर आणि हुक असत आणि दुसऱ्या खिशात लोहचुंबक. लोखंड कुठलं आणि ॲल्युमिनियम कुठलं हे ओळखायला दुकानात ते लागे, पण सवय अशी वाईट, की ते चुंबक गावभर हिंडून सगळ्यांची परीक्षा घेई. एसटीच्या खिडक्या, बँकेचं दार, डॉक्टरांची टेबलं, काही म्हणून सुटलं नाही. एका लग्नात आहेरात मांडलेल्या स्टीलच्या डब्यांना त्यांनी सहज म्हणून ते लावून पाहिलं. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही म्हणतात. इथे डबाच काय, झाकणासकट सगळी उतरंड त्यांच्यामागून चालू लागली. वधूपित्याने त्यांच्याशी बोलणं टाकलं. शेठजींना त्याचं मनापासून वाईट वाटलं, पण डब्यांबद्दलचं मत त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही.

मी मूळचा सांगलीकडचा. इथल्या कॉलेजात भूगोल शिकवायला म्हणून आलो आणि घर शोधत त्यांच्या दुकानात शिरलो. माझा विषय कळताच शेठजी गादीवरून उठून उभेच राहिले. माझ्याशी ते वाक्याची सुरुवात शुद्ध मराठीत करत आणि क्रियापदापर्यंत पोचता पोचता अहिराणीत घरी परतत. "सर, आपण भूगोलाचे. म्हणजे ऊन-पाऊस हा आपलाच विषय. आमनी वरनी माडी तुमनासाठेच शे!" मला वाटलं, विद्वत्तेचा काय मान आहे या गावात! माडीवर राहायला गेल्यावर कळलं की ती त्यांची प्रयोगशाळा होती आणि आम्ही नवराबायको तिच्यातले प्रयोगाचे प्राणी होतो. उघडा पत्रा उन्हाळ्यात तापतो, ही शेठजींच्या आयुष्यातली एकमेव लाजेची गोष्ट. घरातल्या वांड मुलाबद्दल बोलावं तसं ते त्याबद्दल आवाज उतरवून बोलत. तो तापू नये म्हणून त्यांनी आमच्या डोक्यावर काय काय केलं! आधी चुना आणि डिंक कालवून पांढरा रंग दिला. तो असा झळकला की समोरच्या घरातले तात्या काळा चष्मा लावून दात घासायला बसू लागले. मग पत्र्याखाली गोणपाट, गोणपाटाखाली जुन्या साड्या, साड्यांखाली थर्माकोल. मग एका मे महिन्यात त्यांनी शेतातले पाणी उडवणारे फवारे छपरावर आणून बसवले. सबंध नंदुरबार भाजून निघत होतं आणि आमच्या एकट्याच्या घरावर पाऊस पडत होता. गल्लीतल्या बायका पन्हळीखाली बादल्या लावून भांडू लागल्या आणि एक गृहस्थ तर साबण घेऊनच आले. माझ्या बायकोने तेव्हा खाली जाऊन सांगितलं, "काका, आता एक तर आम्ही राहू, नाही तर तुमचे प्रयोग." शेठजींनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं आणि विचारलं, "बेटा, पन तापमान कमी व्हयनं का नही, ते तर सांग." कमी झालं होतं. ती तशीच जिना चढून वर आली.

त्यातला सगळ्यात लांबलेला प्रयोग म्हणजे उसाच्या पाचटाचा. पत्रा आणि छत यांच्यामध्ये त्यांनी पाचटाचा हातभर जाड थर भरला. खोली खरोखर गार झाली. इतकी, की हे सगळ्यात आधी एका खारीला कळलं. ती येऊन पाचटात व्याली. पहाटेपासून आमच्या डोक्यावर चिरचिर आणि धावाधाव सुरू होई. मी तक्रार घेऊन गेलो, तर शेठजींच्या चेहऱ्यावर सगळी जीवदया उमटली. "सर, बाळंतीण शे बिचारी. आते तिले कशे काढाव?" मग बाळंतिणीला त्रास नको म्हणून आम्ही रेडिओ हळू लावायचा, पंखा सावकाश फिरवायचा, आणि बायकोने कुकरची शिट्टी होण्याआधी वर बघून अंदाज घ्यायचा. पिल्लं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागेपर्यंत हे चाललं. शेठजी रोज सूर्यास्ताआधी जेवण आटोपून वर येत, आमची नव्हे, खारीची खुशाली विचारत आणि तृप्त होऊन परत जात.

या सगळ्या उलथापालथीत एका पत्र्याला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. आमच्या जिन्याच्या वरच्या तोंडाशी एक जुना, उघडा, पन्हळीचा पत्रा आहे. खाली अस्तर नाही, वर रंग नाही. उन्हाळ्यात त्याच्याखालून आम्ही पळत जातो. "याला तरी काहीतरी करा," असं मी एकदा म्हटलं, तर ते दचकले. "नही नही, सर! तो ऐकाना पत्रा शे." बाकीचे पत्रे राहायचे, हा ऐकायचा. पाऊस आला की शेठजी दुकानातून उठत, जिन्याच्या वरच्या पायरीवर रिकामं पोतं टाकून बसत आणि डोळे मिटत. अशा वेळी गिऱ्हाईक आलं तर त्याने खाली थांबायचं. मग ते आवाजावरून पाऊस ओळखत. "हाऊ नवापूरकडथाईन उना. दमना शे." थोड्या वेळाने, "आते हाऊ सातपुडाना. दख, कसा बोली ऱ्हायना!" मी भूगोलाचा माणूस, घरात जाऊन ढगांचा नकाशा बघत असे. निम्म्या वेळा त्यांचं साफ चुकलेलं असे. पण डोळे मिटून बसलेल्या त्या माणसाला हे जाऊन सांगावं असं मला कधी वाटलं नाही.

शेठजींची दोन्ही मुलं सुरतला कापडाच्या धंद्यात. तिथे मोठा टॉवर, नवव्या मजल्यावर घर, गुळगुळीत फरशा. दर दिवाळीला येऊन ते म्हणायचे, बाऊजी, दुकान पुतण्याला द्या आणि चला. शेठजी एकदा चार दिवस राहून आले होते आणि आल्या आल्या मला म्हणाले होते, "सर, मन्हा छपरवर दुसरानी खाट शे! हाई काय जगनं व्हयनं?" एका दिवाळीला मात्र मुलांनी फारच धरलं. त्यांच्या आईचे गुडघे गेले होते, सुरतला चांगले डॉक्टर होते, आणि वडिलांना सोडून ती माउली जायला तयार नव्हती. आम्ही फराळाला म्हणून खाली गेलो होतो आणि बापलेकांचं मारवाडीत कडाक्याचं चाललं होतं. शेठजी कोंडीत सापडलेले दिसले. त्याच आठवड्यात गावात बातमी होती की विद्यापीठाच्या उपकेंद्राची नवी इमारत होणार, आणि तिच्यावर जंगी स्लॅब पडणार हे जो तो सांगत होता. शेठजींनी वाद थांबवला, आम्हाला साक्षीला धरलं आणि सगळ्यांना कळावं म्हणून अहिराणीत जाहीर केलं, "ज्या दिन विद्यापीठवर पत्रा चढी, त्या दिन मी सुरतले येसू. मन्ही जबान शे!" मुलं हसली. धाकट्याने हात पुढे केला, शेठजींनी त्यावर टाळी दिली. विद्यापीठावर पत्रा म्हणजे आमच्याकडे नवरदेवाने बनियनवर बोहल्यावर चढण्यासारखं. शेठजी नंतर माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसले आणि चार चकल्या जास्त खाल्ल्या.

आणि मग आर्किटेक्टबाई आल्या. धडगावकडच्या, डोंगरातल्या पाड्यावरच्या, नाशिकला शिकलेल्या, वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. इमारत समितीची बैठक आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये होती. बैठकांना वेळेवर येणारा दुसरा कुणी न सापडल्यामुळे मला समितीवर घेतलं होतं. शेठजींना कुणीच घेतलं नव्हतं, पण ते पहिल्या रांगेत येऊन बसले आणि त्यांना कुणी बोलावलं हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही. बाईंनी पडद्यावर चित्र लावलं आणि सगळ्यांच्या माना पुढे आल्या. इमारतीवर स्लॅब नव्हता. लांबच लांब, फिकट रंगाचे, ॲल्युमिनियमचे पत्रे. खिळा न मारता एकमेकांत दुमडून बसवलेले. त्यांच्याखाली हवेची पोकळी, पोकळीखाली जाड अस्तर. भिंतींनाही बाहेरून तशाच पत्र्याचं आवरण, भिंतीपासून थोडं सुटं, म्हणजे ऊन आवरणालाच लागेल, भिंतीला नाही. खोल्यांना जमिनीलगत जाळ्या आणि वर आढ्याला सलग फट, म्हणजे गार वारा खालून आत येणार आणि तापलेली हवा वरून निघून जाणार. छपरावरचं सगळं पाणी टाकीत. आणि हे पत्रे बरेचसे जुन्या ॲल्युमिनियमचे. उद्या इमारत नको झाली तर पुन्हा वितळवून नवे करता येतील असे.

समितीचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर होते. आयुष्यभर त्यांनी स्लॅबच टाकले होते आणि ते सगळे अजून उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, पत्रा म्हणजे तात्पुरतं. विद्यापीठ म्हणजे कायमचं." मागून कुणीतरी म्हणालं, "विद्यापीठ शे का गोठा?" हशा पिकला. तेव्हा शेठजी उभे राहिले. मान वर होतीच. "साहेब, स्लॅब फोडला तर त्याचा मलबा होतो. पत्रा वितळवला तर पुन्हा पत्रा होतो. स्लॅबले एकच जन्म शे. पत्राले पुनर्जन्म शे!" यावर पुन्हा हशा, पण या वेळी निम्मा त्यांच्या बाजूचा. अध्यक्ष म्हणाले, "शेठ, तुमचं दुकान चालवायला विद्यापीठ नाही." हे त्यांना लागलं. या कामाचे पत्रे थेट कारखान्यातून येणार होते, शेठजींच्या दुकानातून त्यातला एक वायसरही जाणार नव्हता आणि हे त्यांना ठाऊक होतं. ते काही बोलणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, तुमची भीती मला कळते. माझी शाळाच पत्र्याची होती, घाटावरची आश्रमशाळा. उन्हाळ्यात आत बसवत नसे. मास्तर फळा उचलून बाहेर आंब्याखाली न्यायचे, आणि वारा सुटला की फळा पडायचा, मग शाळा सुटायची. वर पत्रा नसता तर उघड्यावर राहिलो असतो, तेव्हा मी पत्र्याला शिव्या देत नाही. त्याच्याखाली काही घालायचं असतं, एवढंच कुणी केलं नव्हतं." शेठजींनी हळूच शाळेचं गाव विचारलं. बाईंनी सांगितलं. शेठजी खाली बसले.

त्या दिवशी घरी येताना मी प्रथमच त्यांना रस्त्याकडे बघत चालताना पाहिलं. बाजारपेठेतली सगळी छपरं त्यांच्या डोक्यावरून निघून गेली, त्यांनी एकालाही मान दिला नाही. दुकानाच्या पायरीशी थांबून म्हणाले, "त्या शाळाना पत्रा मन्हा व्हता, सर. जीपवर बांधीसन मीच धाडेल. खाले काय घालानं ते त्यासनी इचारं नही, मी बी सांगं नही." माझ्या छपरावर इतकी वर्षं चाललेला गोंधळ मला त्या क्षणी वेगळाच दिसला, पण हे बोलून दाखवण्याइतका धीट मी नाही. मी आपलं पाणी पिणार का विचारलं.

अध्यक्ष हट्टी असले तरी सज्जन होते. त्यांनी अट घातली: जागेवर नमुन्याची एक खोली बांधा. भर चैत्रात, भर दुपारी मी तिच्यात बसेन. मला घाम आला, तर स्लॅब. खोली बांधली गेली आणि शेठजींनी त्या जागेवर मुक्कामच ठोकला. ते पत्र्याला बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावत, चुंबक लावत, ते चिकटलं नाही की बाईंकडे बघून समाधानाने मान हलवत. जुन्या ॲल्युमिनियमची गोष्ट त्यांच्या डोक्यात अशी बसली होती की प्रत्येक पत्र्याचा पूर्वजन्म ते सांगू लागले. "हाई कोन्हं तरी पातेलं व्हतं. दूधनं. शांत शे. आनि हाई खिडकी व्हती, दख कशी चमकी ऱ्हायनी!" बाई त्यांना 'शेठकाका' म्हणू लागल्या आणि गवंडी त्यांना चुकवू लागले.

ती जागा होती मिरचीच्या पथारीला लागून. ओली मिरची वाळत पसरायच्या मोकळ्या रानाला आमच्याकडे पथारी म्हणतात, आणि हंगामात गावाबाहेर नजर जाईल तिकडे लाल असतं. परीक्षेच्या दिवशीसुद्धा शेजारी बायका मिरच्या खालीवर करत होत्या. बाईंनी असं योजलं होतं की समिती खोलीत बसली की बाहेर जाळीशी उदबत्ती लावायची. धूर खालून आत येऊन वर आढ्यातून निघून जाताना दिसला की वारा कसा खेळतो ते सगळ्यांना समजेल. उदबत्तीचं काम शेठजींनी मागून घेतलं. आणि तिथेच ते त्यांच्या स्वभावावर गेले. एक उदबत्ती! इतक्या मोठ्या गोष्टीला! धूर कुणाला दिसेल, कुणाला नाही. डोळ्यांना चष्मे, बाहेर एवढं ऊन. पण वास सगळ्यांना येईल! त्यांनी पथारीवरच्या बायकांकडून त्यांची चहाची शेगडी आणली, निखाऱ्यांवर दोन वाळक्या मिरच्या टाकल्या आणि जाळीशी नाक नेऊन हुंगून पाहिलं. काही नाही. आता ज्या माणसाचं नाक जन्मापासून नंदुरबारच्या मिरचीबाजारात वाढलं, त्याला दोन मिरच्या काय कळणार! त्यांनी आणखी मूठभर टाकल्या. पुन्हा हुंगलं. "वास येस, थोडासा येस," असं म्हणून त्यांनी ओंजळ रिकामी केली.

आम्ही आत छान बसलो होतो. खरोखर गार वाटत होतं. अध्यक्ष कपाळावरून हात फिरवून घाम शोधत होते आणि तो सापडत नव्हता. बाई म्हणाल्या, "आता खालच्या जाळ्यांकडे लक्ष द्या, हवा आत येईल." आणि हवा आली. पहिला ठसका माझा. मग प्राचार्य, मग मुख्य कार्यालयातून आलेले दोन साहेब, ते तर खुर्चीसकट मागे सरकले. अध्यक्ष उठून काही बोलायला गेले आणि त्यांच्या तोंडून फक्त शिंका निघाल्या, एकीला दुसरी लागून. कुणी दाराकडे धावलं तर दार आत उघडणारं, आणि ते ओढायला जागा राहिली नव्हती कारण सगळे त्यालाच टेकले होते. बाई डोळे पुसत ओरडत होत्या, "वर बघा! वर बघा!" आम्ही रडत रडत वर पाहिलं. छपराच्या आढ्यात आभाळाची निळी पट्टी दिसत होती आणि तो सगळा तांबूस धूर तिच्याकडे निघाला होता, घाई न करता, रांगेने, सभा संपल्यावर लोक निघावेत तसा. बाहेर पथारीवर आरडाओरडा झाला, "ओ माय! विद्यापीठले आग लागनी!" आणि तोपर्यंत आत श्वास घेता येऊ लागला. जाळीतून शेठजींचा प्रसन्न आवाज आला, "सर, काही जानवनं का?"

अध्यक्षांनी रुमालाने डोळे पुसले, नाक पुसलं, चष्मा पुसला. बाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "सर... घाम?" अध्यक्ष म्हणाले, "आला तेवढा डोळ्यांतून आला." मग वर आढ्याकडे बघत राहिले, अगदी आमच्या शेठजींसारखी मान करून. "बाई, मी जन्मभर स्लॅब टाकले. आज यांनी ही धुरी मला स्लॅबखाली दिली असती, तर माझा कार्यक्रमच आटोपला असता. करा तुमचा पत्रा." शेठजी बाहेर नाचले म्हणतात. मी पाहिलं नाही, माझे डोळे अजून उघडत नव्हते.

इमारत व्हायला पुढचं वर्ष गेलं. शेवटचा आढ्याचा पत्रा बसला त्या दिवशी शेठजींनी सगळ्यांना पेढे वाटले, गवंड्यांना दोनदा. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा धाकट्या मुलाचा आनंदी आवाज मलाही ऐकू आला, "बाऊजी, चढ्यो नी पत्रो? कदी आवो?" मी पेढा हातातच धरून राहिलो. त्या मिरचीच्या गोंधळात, त्या पूर्वजन्मांच्या गप्पांत ती दिवाळीतली टाळी मी साफ विसरून गेलो होतो. शेठजी नव्हते विसरले. मी म्हटलं, "शेठजी, तुम्हाला आठवत होतं?" ते म्हणाले, "पहिला दिनथाईन." "मग तुम्ही इतका आटापिटा का केला? गप्प बसला असतात तर स्लॅब पडला असता!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर नाही, माझ्याकडे. "ती पोर वर्गना बाहेर बसे, आनि मी जिनामा बशीसन पाऊस ऐकू? हाई बरं दिसस का, सर?"

मुलांकडून त्यांनी एक पावसाळा मागून घेतला. नव्या इमारतीच्या छपराखाली पाऊस ऐकायचा होता. श्रावणातल्या एका दुपारी चांगला झोडपून आला, तेव्हा आम्ही तिथल्या वाचनालयात होतो. शेठजींनी डोळे मिटले. काही नाही. बाहेर पाण्याचे पडदे लागले होते आणि आत कुणीतरी पान उलटल्याचा आवाज येत होता. शेजारच्या वर्गात एक बाई शिकवत होत्या आणि त्यांचा शब्द न् शब्द कळत होता. शेठजींनी डोळे उघडले. "पत्रा मुका व्हई गया," ते म्हणाले. चेहरा इतका पडला होता की मला बघवेना. मग त्यांनी वर्गाकडे कान दिला. मागच्या बाकावरची एक मुलगी काहीतरी विचारत होती. "पोरेसले ऐकू ई ऱ्हायनं ना? मंग बस." आणि ते पडलेलं तोंड त्यांनी स्वतःच उचलून जागेवर ठेवलं.

दिवाळीनंतर ते गेले. शेठाणीकाकींचे गुडघे आता बरे आहेत. शेठजींनी सुरतला पोचताच नवव्या मजल्याच्या गॅलरीवर एक पन्हळीचा पत्रा ठोकला, सोसायटीच्या लोकांनी तो काढायला लावला, त्यांनी पुन्हा ठोकला. आता म्हणे सोसायटीच्या सभेत ते पुनर्जन्मावर बोलतात. इथे आमच्या डोक्यावरचं शेवटचं पाचट अजून आहे. पुतण्या म्हणाला होता, स्लॅब टाकून देतो. बायकोच म्हणाली, नको. एके काळी तीच भांडायला गेली होती. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती नेमकी संध्याकाळी, सूर्यास्ताच्या आधी येते.

पावसाळ्यात मात्र त्यांचा फोन येतो. मोबाईलवर नंदुरबारचे ढग बघत बसलेले असतात. "सर, पाणी पडी ऱ्हायनं का?" मी म्हणतो, पडतंय. "मंग बोलू नका. धरा." मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन फोन वर धरतो. हात दुखला की बायको धरते. परवा बराच वेळ पडला. थांबल्यावर मी फोन कानाला लावला, तर त्यांनी ठेवला नव्हता. श्वास ऐकू येत होता. "थांबना वाटस," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, थांबला. मग हळूच म्हणाले, "पन्हळीथाईन टपकत व्हई आजून. जरासं धरा." मी फोन पुन्हा वर केला आणि मान वर करून उभा राहिलो.